पुढे चार, मागे अकरा

१

क्लिफर्डला मातीआड करून एक दिवस होतो न होतो, तोच त्याची मोठी बहीण प्रिस्का पोलीस चौकीच्या मागच्या आवारात त्याच्या चेपलेल्या गाडीखाली आडवी झाली होती. पाठीखाली पुठ्ठा, कपाळाला बॅटरी, हाताशी वही. पहाऱ्यावरच्या हवालदाराने एकदा वाकून पाहिलं आणि काय दगडाची बाई आहे, अशा चेहऱ्याने तो परत खुर्चीत जाऊन बसला. त्याचं चुकत होतं असंही नाही. रविवारी सकाळी फोन आल्यापासून प्रिस्काच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. मानेला झटका बसून भाऊ जागच्या जागी गेला होता, अंगावर ओरखडाही नव्हता. दफनाच्या वेळी सगळं पाचूबंदर गाव हुंदके देत होतं आणि ही पेटीत त्याच्या उजव्या अंगठ्यावरची पट्टी बघत उभी होती. गुरुवारी पत्र्याने कापून तीन टाके पडले होते, शनिवारी दुपारी डॉक्टरने नवी पट्टी बांधली होती. पट्टी पांढरीशुभ्र आहे, तेलाचा डाग नाही, एवढंच तिच्या मनात आलं.

याला कारण तिचा धंदा. विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्या तपासायच्या आणि कशाने ठोकल्या ते लिहून द्यायचं, हे ती सतरा वर्षं करत होती. ही गाडी तिच्याकडे कुणी तपासायला दिली नव्हती. पण घरी बसून शेजारणींच्या गळ्यात पडण्यापेक्षा गाडीखाली बरं होतं.

गाडी म्हणजे नळ्यांचा पिंजरा आणि त्यावर पातळ पत्रा. दोन सीटं, दार नाही, छप्पर नाही, वजन साडेपाचशे किलो. दोन माणसांनी धरली तर मागचं अंग उचललं जाई. क्लिफर्ड आणि त्याचा लहानपणापासूनचा दोस्त ग्लेन या दोघांनी तीन वर्षं खपून ती उमेळ्याच्या शेडमध्ये उभी केली होती, शर्यतीत पळवायला. रविवारी सकाळी साडेसहाला चिंचोटीच्या वळणावर ती मागच्या चाकांवरून सुटली आणि फिरून झाडावर आदळली. रस्ता कोरडा होता, टायर नवे होते, ब्रेक शाबूत होते. रस्त्यावरच्या काळ्या रेघांवरून वेगही फार नव्हता. पोलिसांनी मात्र ‘भरधाव’ हा शब्द लिहूनही टाकला होता, कारण तो त्यांच्याकडे तयारच असतो.

प्रिस्काने शेवटी चाकांकडे मोर्चा वळवला. प्रत्येक चाकाशी एक स्प्रिंग आणि तिच्या पोटात एक शॉकअप. स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप तिची उसळी आवरतो. शॉकअपच्या तळाशी बोटाच्या पेराएवढं बटण असतं. उजवीकडे फिरवलं की शॉकअप कडक, डावीकडे फिरवलं की नरम, आणि दर पावलाला टिक असा आवाज. या शॉकअपला अशा सोळा टिका होत्या. मोजायची रीत ग्लेननेच तिला कधीतरी दाखवली होती: आधी बटण उजवीकडे पूर्ण बंद करायचं, मग डावीकडे उघडत उघडत मोजायचं.

तिने चारही मोजली. पुढची दोन्ही बारा, मागची दोन्ही पाच. बोटांना चिकट लागलं, ते तिने रुमालाला पुसलं. मग फोन काढला. शनिवारी संध्याकाळी पाचला क्लिफर्डने शेडच्या भिंतीवरच्या कागदाचा फोटो तिला पाठवला होता, खाली लिहिलं होतं, ‘ग्लेनचं अक्षर बघ, डॉक्टर व्हायला हवा होता’. कागदावर दोनच ओळी होत्या. पुढे ४. मागे ११.

म्हणजे पुढे कडक हवं होतं तिथे नरम होतं आणि मागे नरम हवं होतं तिथे कडक. अशी गाडी सरळ रस्त्यावर गुणी बाळासारखी चालते आणि पहिल्या खडबडीत वळणावर, काही न सांगता, मागची चाकं सोडून देते. कुणीतरी पुढचं मागे आणि मागचं पुढे करून ठेवलं होतं.

२

घरी येऊन तिने हे पप्पांना सांगितलं. सांगायला नको होतं, हे तिला नंतर कळलं.

डॉमनिक पप्पा चाळीस वर्षं मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करत आले होते. अर्नाळ्यापासून पाचूबंदरपर्यंत कुठल्या बोटीचं इंजिन कुठल्या कुशीवर खोकतं, हे त्यांना झोपेत सांगता यायचं. क्लिफर्डने आपला पाना धरावा अशी त्यांची इच्छा होती. त्याने धरला, पण बोट सोडून चार चाकांसाठी. तेव्हापासून सहा वर्षं बापाने त्या शेडची पायरी चढली नव्हती, आणि गावाने हे इतक्या वेळा चघळलं होतं की त्यात आता चव उरली नव्हती.

प्रिस्काने आकडे सांगितले नाहीत. पुढची बटणं मागच्यासारखी आणि मागची पुढच्यासारखी सापडली, एवढंच म्हणाली. पप्पा जेवता जेवता थांबले. भाताचा घास ताटात परत ठेवून त्यांनी हात धुतला.

“बटनं बरोबर होती,” ते म्हणाले. “कोनीतरी मागाहून फिरवली. शेडची दुसरी चावी कोनाकडं हाय? ग्लेनकडं.”

मग ते थांबेचनात. ग्लेन आणि क्लिफर्डचं वाजलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. कोइम्बतूरच्या एका रेसिंग टीमने क्लिफर्डला बोलावलं होतं, तो पुढच्या महिन्यात जाणार होता, आणि तीन वर्षांची भागीदारी अशी मोडल्यावर ग्लेन त्याच्याशी आठवडाभर धड बोलला नव्हता. संध्याकाळी पप्पा चौकीवर जाऊन साहेबांना भेटून आले. साहेब म्हणाले, तुमची मुलगी या विषयातली जाणकार आहे, तिने लिहून दिलं आणि तुम्ही तक्रारीवर सही केली की ग्लेनला आत घेतो. पप्पांनी शनिवार सांगितला. सकाळी चर्चमध्ये सातव्या दिवसाची मिस्सा, तिथून थेट चौकी.

प्रिस्काला ग्लेनबद्दल काही वाटायला हवं होतं. राग, दया, काहीही. तिने चाचपून पाहिलं, पण आत काहीच लागलं नाही. शनिवारपर्यंत चार दिवस आहेत आणि आपण चुकीचं लिहिलं तर एक माणूस गजाआड जाईल, एवढं मात्र तिला स्पष्ट कळत होतं. म्हणून बुधवारी ती उमेळ्याला गेली.

३

उमेळ्यात आता चिकूच्या झाडांपेक्षा इमारतींचे खांब जास्त दिसतात. शेड दोन्हींच्या मधोमध आहे. ग्लेन स्टुलावर बसला होता आणि गाडीच्या रिकाम्या जागेकडे बघत होता. चहा विचारायचंही त्याला सुचलं नाही. गावातून बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

भांडण झालं होतं हे त्याने न विचारताच कबूल केलं. क्लिफर्ड जाणार याचं वाईट वाटत होतं, तो म्हणाला, आणि वाईट वाटलं की मला बोलता येत नाही, मी स्क्रू मोजत बसतो.

मग त्याने शनिवारचं सांगितलं. आठवडाभरात त्यांनी गाडीतून चाळीस किलो उतरवले होते. गाडी हलकी झाली की जुन्या स्प्रिंगा तिला कडक पडतात, ती रस्त्यावर बसत नाही, चेंडूसारखी उडते. म्हणून नव्या, मऊ स्प्रिंगा घातल्या. स्प्रिंग बदलली की शॉकअपही नव्याने लावावा लागतो. ग्लेनने दुपारभर गणित मांडून कागद लिहिला, भिंतीला चिकटवला आणि पाचला निघाला, कारण भुईगावला त्याच्या मावसबहिणीचं, नताशाचं लग्न होतं. निघताना क्लिफर्डला बजावलं, तुझ्या अंगठ्याने ही बटणं फिरणार नाहीत, मी उद्या मिस्सा करून येतो, मग लावू, तोवर गाडी बाहेर काढू नको.

“म्हणजे तू बटणं लावलीच नाहीस?”

“हात नाही लावला. सगळी आठावर होती, जुन्या हिशेबाने.”

प्रिस्काने रुमाल काढून टेबलावर पसरला. बटणांवरून पुसलेला चिकट डाग अजून तसाच होता, दोनदा साबण लावूनही. ग्लेनने वास घेतला आणि मान हलवली. ग्रीस आहे, तो म्हणाला, पण आपलं नाही. शॉकअपच्या बटणाला कुणी ग्रीस लावत नाही. धूळ बसते, आणि बोटांना टिक कळेनाशी होते.

प्रिस्काने वहीत दोन गोष्टी लिहिल्या. लिहिताना तिचा हात स्थिर होता, याचं तिला थोडं नवल वाटलं. शनिवारी पाचला बटणं आठावर होती, रविवारी बारा आणि पाचावर. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी ती लावली होती. क्लिफर्डने नाही. अंगठ्यावर इतकी जाड पट्टी घेऊन गाडीखाली ग्रीसमध्ये काम केलं असतं, तर ती पांढरी राहिली नसती. ग्लेन लग्नात होता, दोनशे माणसांनी त्याला नाचताना पाहिलं होतं. अर्थात भुईगावहून उमेळे काही विलायतेत नाही, आणि शेडची दुसरी चावी त्याच्या खिशात होती.

“आणखी कोण आलं होतं शनिवारी?” तिने विचारलं.

ग्लेन जरा घुटमळला. दुसऱ्याकडे बोट दाखवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. मग म्हणाला, “सिद्धेश.”

४

सिद्धेश वसई रोडला नव्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहायचा. कॉम्प्युटरवर नोकरी, रविवारी शर्यती. क्लिफर्डच्या गाडीचा तो दुसरा ड्रायव्हर. पण फेब्रुवारीच्या, क्लिफर्ड जाण्याआधीच्या शर्यतीत एकच जण बसणार होता आणि तो आपण स्वतः, हे क्लिफर्डने शनिवारी चारला त्याला तोंडावर सांगितलं होतं. प्रिस्काने बेल वाजवली तेव्हा त्याच्या बायकोने, उन्नतीने दार उघडलं आणि घाईघाईने सांगून टाकलं की शनिवारी साडेपाचपासून हे घरीच होते. कुणी न विचारता दिलेल्या अशा साक्षी प्रिस्काने पुष्कळ ऐकल्या होत्या. खऱ्या-खोट्या दोन्ही सारख्याच दिसतात.

सिद्धेश घाबरला होता आणि घाबरला की तो चिडायचा. त्याने कबूल केलं की वाजलं होतं. “हो, मला ती सीट हवी होती. पण त्यासाठी मी मित्राला मारेन का? आणि प्रिस्का, मी ड्रायव्हर आहे यार, मिस्त्री नाही. मला ते बटण उजवीकडे की डावीकडे हेही कन्फ्यूज होतं. सेटिंगचं सगळं ते दोघंच बघायचे.”

असं कुणीही म्हणेल. प्रिस्काने पिशवीतून शेडमधला जादा शॉकअप काढला आणि समोरच्या काचेच्या टीपॉयवर ठेवला. माणूस खोटं बोलतो पण त्याची बोटं बोलत नाहीत, या एका विश्वासावर तिची सतरा वर्षं निघाली होती. ती म्हणाली, समज भिंतीवर कागद आहे, त्यावर पुढे चार लिहिलंय. लाव.

सिद्धेशने शॉकअप उलटासुलटा केला. बटण सापडायलाच त्याला वेळ लागला. मग त्याने दोन बोटांत ते धरलं, तिच्याकडे पाहिलं, आणि शाळेतल्या पोरासारखं विचारलं,

“चार, पण कुठून?”

प्रिस्काने त्याच्या हातातून शॉकअप घेतला, पिशवीत टाकला आणि उठली. लिफ्टसाठीही ती थांबली नाही, चौदा मजले पायऱ्यांनीच उतरली.

५

शुक्रवारी सकाळी तिने ग्लेनसमोर वही उघडून ठेवली.

आपण सगळे म्हणतोय की बटणांची अदलाबदल केली, ती म्हणाली. मी स्वतःच तसं म्हटलं आणि त्यावरच थांबले. पण नीट बघ. कागदावर पुढे चार, मागे अकरा. कुणी अदलाबदल केली असती तर पुढे अकरा सापडले असते आणि मागे चार. मला सापडले बारा आणि पाच.

ग्लेन म्हणाला, आदळताना एकेक टिक सरकली असेल. प्रिस्काने मान हलवली. चारही बटणं, डावी आणि उजवी, बरोबर एकेकच टिक, आणि सगळी एकाच दिशेने? टक्कर एवढी शिस्तीची नसते. तिने पेन्सिल घेतली आणि दोन ओळी लिहिल्या. सोळातून चार गेले, बारा. सोळातून अकरा गेले, पाच.

ग्लेनने दोन्ही वजाबाक्या बोटांवर पुन्हा करून पाहिल्या.

कुणी उलटं काही केलंच नाही, प्रिस्का म्हणाली. ज्याने बटणं लावली त्याने तुझा कागद अक्षरशः पाळला. पुढे चार, मागे अकरा. फक्त तू बंद करून मोजतोस आणि त्याने पूर्ण उघडून मोजलं. क्लिफर्ड वरून वाचत असणार, तो खाली झोपून फिरवत असणार. क्लिफर्डला वरून चार टिका ऐकू आल्या, अकरा ऐकू आल्या, आणि तेवढ्यावर त्याचं समाधान झालं. शेड क्लिफर्डनेच आतून उघडली, म्हणून चावीचा प्रश्नच नाही. घात नव्हता, ग्लेन. मदत होती.

ग्लेनने तोंडावरून हात फिरवला. कागदावर ‘बंदपासून’ एवढा एक शब्द मी लिहिला नाही, तो म्हणाला. आम्हा दोघांना माहीत होतं, म्हणून लिहिला नाही. एका शब्दाचा आळस केला मी.

मग त्याने विचारलं की उघडं करून मोजतं कोण. गाड्यांच्या धंद्यात तर अशी रीत नाही. मुळात आधी सगळं सैल करायचं आणि मग आवळत जायचं, हे कुणाच्या हाताला सुचेल?

प्रिस्काने पेन्सिल खाली ठेवली. कारण उत्तर तिला लहानपणापासून माहीत होतं. बोटीचा पंखा फिरवणारा दांडा तळातून बाहेर जातो, तिथे सुताची वळी भरून वर नट बसवतात, समुद्र आत येऊ नये म्हणून. तो नट पूर्ण आवळायचा कधीच नसतो. पूर्ण आवळला तर सूत जळतं आणि दांडा झिजतो. आधी मोकळा सोडायचा, मग मोजून इतके इतके फेरे आवळायचे, थेंब थेंब पाणी गळेल इतपत. पाचूबंदरच्या कुठल्याही बोटीवर हेच. आणि हात लावला त्या नटाला ग्रीस चोपडायचं, पाण्याने न धुपणारं, कारण खारं पाणी काही सोडत नाही. पायरीवर बसून हे सगळं तिने शेकडो वेळा पाहिलं होतं.

‘बटनं बरोबर होती. कोनीतरी मागाहून फिरवली.’ सगळे नुसतं उलटी म्हणत होते. मागाहून म्हणाला एकच माणूस. बटणं आधी बरोबर लावली होती हे ज्याला खात्रीने माहीत होतं, तोच मागाहून म्हणणार.

बोटीवर असं मोजतात, ती एवढंच म्हणाली, आणि ग्लेनला कळलं. तो उठला, शेडच्या दारापर्यंत गेला, परत आला.

“त्यांना सांगू नको,” तो म्हणाला. “मी बघतो माझं. जे होईल ते होईल.”

तू काय बघणार, असं तिने त्याला विचारलं. उद्या पप्पा सही करतील, ग्लेन आत जाईल, आणि गावात त्याचं नाव कायमचं दोस्ताला मारणारा असं पडेल. सही थांबवायची तर पप्पांना कारण द्यावं लागेल. खरं कारण दिलं तर सत्तर वर्षांच्या माणसाला सांगावं लागेल की पोराला तू मारलंस. बसमधून घरी जाताना तिने दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा मांडून पाहिल्या, आणि वसई गाव येईपर्यंत तिला तिसरी वाट सापडली. ती खोटी होती. पण खोटं लिहिलेले अहवाल तिने आयुष्यभर वाचले होते, आणि त्यातला चांगला कोणता हे तिला कळत होतं.

६

शनिवारी सकाळी पप्पा पांढरा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. मिस्सेला तासभर होता. चौकीत न्यायचे कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर धरले होते.

प्रिस्का त्यांच्यासमोर बसली आणि तयार केलेलं वाक्य बोलली. मी पुन्हा सगळं तपासलं पप्पा, बटणं कुणी फिरवली नाहीत. झाडावर आदळताना धक्क्याने ती फिरली. माझीच चूक झाली. मी तसं लिहून देणार आहे. ग्लेनचा यात काही संबंध नाही, सही करू नका.

तिच्या आवाजात जराही कंप नव्हता. सात दिवसांच्या बधिरपणाचा हा एक फायदा होता. पप्पांनी ऐकून घेतलं. वाद घातला नाही. चाळीस वर्षं मोडक्या इंजिनांशी बोललेला माणूस, त्याने फक्त विचारलं,

“किती झाली होती?”

आणि सतरा वर्षांच्या सवयीने तिने खरे आकडे सांगितले. पुढे बारा, मागे पाच.

“दोनी अंगाला सारकी?”

“हो.”

“मंग धक्क्यानं नाय,” पप्पा म्हणाले. त्यांनी पिशवी खाली ठेवली. “बारा कुठनं मोजली? मोकळं करून?”

प्रिस्काला ‘हो’ म्हणता आलं असतं. एका अक्षराचं खोटं होतं. पण तिला उशीर झाला, श्वासभरच, आणि पप्पांनी तो श्वास ओळखला.

त्यांचा उजवा हात मांडीवरून वर आला. हवेतच दोन बोटांनी त्यांनी काहीतरी डावीकडे फिरवलं, शेवटपर्यंत. मग उजवीकडे, थांबत थांबत. ओठ हलत होते. एक, दोन, तीन, चार. मग तिथून पुढे मोजत गेले, पार बंद होईपर्यंत. प्रिस्काने त्यांना थांबवलं नाही. बारा झाल्यावर हात थांबला आणि हवेतच राहिला.

“सोळातनं चार,” ते म्हणाले.

मागच्या बटणांसाठी त्यांनी बोटं हलवली नाहीत.

मग ते बोलायला लागले, तिच्याकडे न बघता. शनिवारी पाच वाजून गेल्यावर क्लिफर्डचा फोन आला होता. पप्पा, माझा अंगठा चालत नाय, जरा येतंस काय. सहा वर्षांनी बोलावलं पोराने. रिक्षा करून गेलो. गाडीखाली झोपलो, एकूण सोळा टिका आहेत असं सांगून तो वरून आकडे वाचत होता. कागद नीट वाचलास ना, म्हणून त्याला दोनदा विचारलं. झाल्यावर तो म्हणाला, ग्लेनला सांगू नको हां, त्याला राग येल. म्हणून कोणाला सांगितलं नाय. पोराचा शब्द होता.

प्रिस्का म्हणाली की कागदावर कुठून मोजायचं ते लिहिलेलं नव्हतं. ग्लेन स्वतः म्हणतो की त्याने लिहायला हवं होतं. पप्पांनी मान हलवली, पण ते ऐकून हलवली की नुसतीच, ते कळलं नाही.

“बाय,” ते म्हणाले. “त्याला कळलं आसंल काय? वळनावर, गाडी सुटली तवा. बटनं मी उलटी लावली म्हनून?”

प्रिस्काने त्या वळणावरच्या काळ्या रेघा मोजल्या होत्या. गाडी सुटल्यापासून झाडापर्यंत नऊ मीटर. तिला ठाऊक होतं की एवढ्या अंतरात माणसाला काहीही कळत नाही, हात वळतात तेवढे वळतात.

“नाही पप्पा,” ती म्हणाली. “वेळच नव्हता.”

ते खरं होतं, आणि पप्पांनी ते खरं म्हणूनच घेतलं. ते उठले, मोरीत जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ नळ वाहत राहिला. बाहेर आले तेव्हा शर्टाची कॉलर भिजली होती. चौकीच्या पिशवीकडे त्यांनी पाहिलंही नाही. बाहेर गल्लीतून काळे कपडे घातलेल्या बायका देवळाकडे निघाल्या होत्या. सगळं गाव येणार होतं, आणि आज डॉमनिक कोणाचं नाव घेतो हे ऐकायला जरा लवकरच येणार होतं.

“ग्लेनला फोन लाव,” पप्पा म्हणाले. “मिस्सेला आपल्या बाकावर बस म्हन. माज्या बाजूला.”

प्रिस्काने फोन लावला. पहिल्याच घंटीला ग्लेनने उचलला आणि हॅलो म्हणाला. तिला बोलायचं होतं, वाक्यही तयार होतं, पण तोंड उघडल्यावर आतून नुसतं रडू आलं. सात दिवसांचं सगळं एकदम आलं, आवाज करून आलं, आणि ते थांबवणं तिच्या हातात राहिलं नाही. ग्लेन तिकडून हॅलो, हॅलो करत राहिला. पप्पांनी तिच्या हातातून फोन घेतला आणि स्वतःच त्याला सांगितलं.